गुरुजी आजारी आहेत, गैरहजर नाहीत

गेल्या दोन बैठकांत एका पाड्याच्या शाळेचा विषय निघाला आणि दोन्ही वेळा बोलणं अर्धवट राहिलं. एकदा पाऊस आला, एकदा जंगल खात्याच्या केसेसचा विषय मोठा म्हणून शाळा मागे पडली. म्हणून आज लिहून काढतो. पाड्याचं नाव छापत नाही. तिथल्या गुरुजींच्या नोकरीचा प्रश्न आहे, आणि आपलं पत्रक कुठे कुठे जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्यात शाळेचं नाव काढलं की एकच तक्रार ऐकू येते, मास्तर येत नाही. सोमवारी अकराच्या गाडीने येतो, शनिवारी येतच नाही, मधे तालुक्याला मिटिंग, आणि हजेरीपटावर सगळ्या सह्या बरोबर. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यासाठी आपण मोर्चे काढले, पंचायत समितीच्या दारात बसलो. पण त्यामुळे एक झालंय, मास्तर दिसला नाही की आपल्या डोक्यात लगेच अर्ज तयार होतो. या पाड्यात मास्तर चार महिने दिसलेला नाही. पण हा मास्तर त्या मास्तरांतला नाही, आणि हे मोठ्यांच्या आधी तिथल्या चौथीच्या पोरांनी ओळखलं.

शाळा एका मास्तरची, एका खोलीची. पहिली ते चौथी मिळून पट ३१. पहिलीत १०, दुसरीत ८, तिसरीत ७, चौथीत ६. गुरुजी घाटावरचे. चार वर्षांपूर्वी बदली होऊन आले तेव्हा लोक म्हणाले, हाही सहा महिन्यांत पळेल. ते पळाले नाहीत. पाड्याने त्यांना कुडाची खोली बांधून दिली, त्यात राहिले. आपली बोली शिकले. पहिलीच्या पोराला पुस्तकातली भाषा कळत नाही, मग ते आपल्या बोलीत सांगत आणि त्यावरून मराठीवर आणत. रात्री कंदिलाच्या उजेडात लोकांचे कागद वाचून दाखवत. दंडाच्या पावत्या, कोर्टाची समन्स, सोसायटीच्या नोटिसा. देवमाणूस होते असं मी म्हणत नाही. चिडले की छडी मारायचे, आणि त्यावरून बायांनी त्यांना एकदा चांगलंच सुनावलंही होतं. पण होते, रोज होते.

पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. श्रावण सरला तरी हटेना, अंग सुकत चाललं, संध्याकाळी ताप. भगताला दाखवलं, तालुक्याच्या खाजगी डॉक्टरने इंजेक्शनं मारली. एक दिवस थुंकीत रक्त आलं तेव्हा पाड्यातल्या दोन माणसांनी त्यांना एसटीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, फोटो काढला, टीबी निघाला. डॉक्टरने लांबची रजा घ्यायला लावली. आता ते आपल्या गावी आहेत, गोळ्या चालू आहेत, आणि अजून काही महिने चालतील.

आता पोरांचं सांगतो. गुरुजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेचं कुलूप उघडलं गेलं. किल्ली चौथीच्या एका मुलीकडे होती, कारण तिचं घर शाळेच्या बाजूला. तिने उघडली, झाडलं, बाकीची आली. कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलं, का उघडलीस? ती म्हणाली, “सोमवार होता.”

मग त्यांनी आपसांत वाटून घेतलं. चौथीची दोघं पहिलीकडे, दोघं दुसरीकडे, तिसरी आपली आपण वाचेल आणि अडलं तर उरलेल्या दोघांना विचारेल. आठवड्याने अदलाबदल. पहिलीला खडे आणि चिंचोके घेऊन शंभरपर्यंत मोजायला शिकवलंय, मी स्वतः बघितलंय. दुसरीचे पाढे बारापर्यंत झालेत. ज्यांना गुरं राखायला जावं लागतं ती पोरं पाटी घेऊन जातात आणि तिथेच बसतात. यात नवीन काही नाही म्हणा. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली होती. पोर शाळेत येत नसेल तर शाळा पोराकडे नेऊ, असा तो विचार. फरक एवढाच की तिथे शिकवायला मोठी माणसं होती.

दर आठवड्याला गुरुजींना पत्र जातं. कंडक्टर ओळखीचा आहे, तो पुढच्या स्टँडवर पेटीत टाकतो. पत्रं मी वाचली आहेत. पोरांनीच दाखवली. “गुरुजी आमी रोज येतो. तुमी गोळ्या रोज खा.” “वाघबारशीला तुमी नव्हता. तुमच्या वाटची खीर आमी खाल्ली.” “छपरातून पाणी गळतं तिथं डबा ठेवला आहे.” असं. गुरुजी पोस्टकार्डावर उत्तर पाठवतात, खाली बारीक अक्षरात पाच गणितं असतात. पोरं सोडवून पुढच्या पत्रात धाडतात, गुरुजी चूक-बरोबर करून परत धाडतात. एका गणिताला एक महिना लागतो कधी कधी! पण लागतो.

दिवाळीच्या आधी पोरांनी घरोघर फिरून मूठमूठ नाचणी गोळा केली. कोणी अंडी दिली, कोणी सुकट. भगताने अंगारा बांधून दिला तोही पुडीत घातला. माझं म्हणणं, अंगारा असू दे, त्याने मन घट्ट होतं, पण गोळी एक दिवस चुकता कामा नये. एकजण जाऊन सगळं पोचवून आला.

इथे पाड्यात वाद झाला. काहींनी विचारलं, सरकारी पगार खाणाऱ्याला आपण नाचणी का द्यायची? आपल्या कणगीत माघापर्यंत पुरेल एवढंही धान्य नाही. हा प्रश्न फालतू नाही. पण एक तर त्यांचा पगार रजेच्या कागदांत अडकलाय, अजून सुरळीत झालेला नाही. आणि दुसरं, लावणीच्या दिवसांत कुणी तापाने पडला तर आपण त्याचं आवण मरू देतो का? चार घरची माणसं जातात आणि लावून येतात. त्या वेळी त्याच्या घरात किती पैसे आहेत ते कोण विचारतं? पोरांनी हे आपल्याकडूनच बघितलं आणि केलं. ज्यांना नाचणी द्यायची नव्हती त्यांनी दिली नाही, त्यांना पोरं काही बोलली नाहीत. तेही ठीक.

दुसरा वाद रोगाचा. काही घरांनी पोरं शाळेत पाठवायची बंद केली होती, गुरुजींच्या खोलीत पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. एक दोघं म्हणाली, खोलीच जाळून टाका. म्हणून इथे जरा नीट लिहितो, कारण टीबी आपल्या प्रत्येक पाड्यात आहे आणि आपण तो लपवतो. टीबीचे जंतू खोकल्यातून, थुंकीतून हवेत जातात आणि दुसऱ्याच्या छातीत शिरतात. ताटातून, पांघरुणातून, हात लावल्याने होत नाही. शाप नाही, करणी नाही. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत बहुतेक आजाऱ्यांकडून लागण होण्याची भीती खूप कमी होते. पण बरं वाटतंय म्हणून औषध मधेच सोडलं तर रोग उलटतो, आणि मग त्या गोळ्याही लागू पडेनाशा होतात. आपली माणसं इथेच मरतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस वीटभट्टीवर निघून जातो, गोळ्या घरी राहतात. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्याने तपासून घ्यायचं, लाजायचं नाही.

आणि भिणाऱ्या आईबापांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती, ती कुणी ऐकली नाही. गुरुजी पावसाळाभर त्या बंद खोलीत पोरांसमोर खोकत होते. म्हणजे ३१ पोरांची तपासणी व्हायलाच पाहिजे होती. चार महिन्यांत आरोग्य खात्याचा माणूस एकदा आला आणि गुरुजींचं घर कुठलं ते विचारून गेला. पोरांकडे बघितलंसुद्धा नाही. हे आपल्याला मागावं लागेल.

आता माझं मुख्य म्हणणं. आपल्या बैठकीत या पोरांचं कौतुक झालं, टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांची भीती वाटते. तालुक्याच्या शिक्षण खात्यात आमचे दोघेजण बदली शिक्षक मागायला गेले तेव्हा तिथला साहेब काय म्हणाला? “तुमची शाळा तर छान चालली आहे की. मुलं स्वतः शिकतायत.” झालं! पोरांनी शाळा उघडी ठेवली ती गुरुजींसाठी, आणि साहेबाने ती आपल्या सोयीसाठी वापरली. शेजाऱ्याने एका हंगामात आपलं शेत लावून दिलं म्हणून पुढच्या वर्षी सोसायटीने बियाणं द्यायचं नाही, असं कुठे असतं का?

१९८७ साली खडू-फळा योजना आली. त्यात सरकारने लिहून दिलं होतं की प्रत्येक प्राथमिक शाळेला कमीत कमी दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली जमेल तिथे एक बाई. तेव्हा ही चौथीची पोरं जन्मालाही आली नव्हती. दुसरा शिक्षक असता तर एक आजारी पडला म्हणून शाळा बंद पडायची वेळ आलीच नसती, आणि गुरुजींनीही पावसाळाभर अंगावर काढलं नसतं. मी त्यांना भेटलो तेव्हा विचारलं, आधी का गेला नाहीत दवाखान्यात? ते म्हणाले, मी गेलो तर शाळा बंद. एकटा ठेवलेला माणूस असाच मोडतो. घटनेत तर लिहिलं होतं की दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना फुकट शिक्षण मिळेल असा प्रयत्न सरकार करेल. १९६० उलटून गेलं तरी प्रयत्नच चालू राहिला!

आणि या सगळ्याची किंमत कोण देतंय बघा. चौथीची सहा पोरं. ती पहिलीला शिकवतात, दुसरीला शिकवतात. त्यांना कोण शिकवतं? त्यांचा भागाकार सप्टेंबरात जिथे होता तिथेच आहे, अपूर्णांक सुरूच झालेला नाही. पुढच्या जूनला त्यांना पाचवीला आश्रमशाळेत किंवा तालुक्याला जायचंय. तिथे कोणी विचारणार नाही की तू चार महिने मास्तर होतास. आम्ही बारावी झालेले दोघेजण आठवड्यातून दोन दिवस जातो, गणित घेतो. पण आम्ही शिक्षक नाही, आणि जंगल खात्याच्या तारखा लागल्या की तेही चुकतं.

तांदळाचं तर विसरूच नका. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून पोरांना शाळेतून महिन्याला ३ किलो धान्य मिळू लागलं होतं, हजेरी ८० टक्के भरली तर. ३१ पोरांचे ९३ किलो होतात. गुरुजी गेल्यापासून एक दाणा आला नाही. का? तर हजेरीपटावर शिक्षकाची सही नाही. पण हजेरी आहे! पोरांनी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर रेघा मारून ३१ नावं, रोजची खूण. त्या किल्लीवाल्या मुलीने स्वतःच्या नावापुढेही दोन गैरहजेऱ्या लावल्या आहेत, ताप होता तेव्हाच्या. मास्तरांच्या किती हजेरीपटांवर इतकं खरं लिहिलेलं असतं ते साहेबांनी स्वतःच्या मनाला विचारावं. केंद्रप्रमुखांना वही दाखवली तर ते म्हणाले, मुलांनी लिहिलेलं धरता येत नाही. मग त्यांनी स्वतः महिन्यातून चार वेळा येऊन मोजावं, कोण अडवतंय? पोट पोराचं आहे, आणि शिक्षा भोगतंय तेच, सही नाही म्हणून.

आता अंगठ्याची गोष्ट. दिवाळीनंतर पंचायतीतला एक पुढारी पाड्यात आला. म्हणाला, नवीन मास्तर मिळवून देतो, कागदावर अंगठे द्या. आठ जणांनी दिले. नवीन मास्तर कुणाला नको? कागद अजून ओट्यावरच होता तेव्हा ती मुलगी तिथे पाणी द्यायला आली. तिने तो मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर शिक्षक वारंवार विनापरवानगी गैरहजर राहतात, गावाची त्यांच्याविषयी तक्रार आहे, त्यांच्यावर कारवाई करून त्यांना येथून हलवावे. आजाराचा एक शब्द नाही. दुसरा शिक्षक द्या, असंही कुठे नाही.

साथींनो, आपल्या आजोबांच्या जमिनी अशाच गेल्या. पाच पायली भाताच्या कर्जाला म्हणून अंगठा दिला आणि कागदावर शेत लिहिलेलं निघालं. तेव्हा वाचणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर होतं, दहा वर्षांचं. आठातल्या सहा जणांनी तिथल्या तिथे अंगठे मागे घेतले, दोघांनी नाही घेतले. पुढाऱ्याला गुरुजी का नको आहेत ते ज्याने त्याने ओळखावं. १९७८ आधीपासून कसत असलेल्या प्लॉटांचे कागद त्या पाड्यात कोण लावून देत होतं, एवढं आठवलं तरी पुरे.

म्हणून मला वाटतं आपण शब्द नीट वापरायला पाहिजेत. दांडी मारणारा मास्तर वेगळा आणि आजारी मास्तर वेगळा. पहिल्याविरुद्ध अर्ज करायचा तो करत राहू, त्यात ढिलाई नको. दुसऱ्यासाठी जे मागायचं ते सरकारकडे मागायचं. गुरुजींची रजा मंजूर करून पगार सुरू करा, टीबीसारख्या आजाराला खास रजेची सोय सरकारी नियमांतच आहे. ते येईपर्यंत तात्पुरता शिक्षक द्या, आणि ते आल्यावर दुसरा शिक्षक कायमचा राहू द्या. पोरांची वही बघून मागचा तांदूळ द्या. ३१ पोरांची छाती तपासा. हे एका अर्जात लिहायचं, आणि अंगठा देण्याआधी तो मोठ्याने वाचायचा. वाचणारी तिथे आहेतच.

आणखी एक. १९९६ च्या डिसेंबरात संसदेने आदिवासी भागाच्या पंचायतीचा जो कायदा केला त्यात लिहिलंय की सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि त्यांतले कर्मचारी यांच्यावर ग्रामसभेचं आणि पंचायतीचं नियंत्रण राहील. शाळा आणि मास्तर त्यातच येतात. आपण हा कायदा जंगल आणि जमिनीसाठी वाचतो, शाळेसाठी कुणी वाचलेला नाही. नियंत्रण म्हणजे नुसती बदली मागणं नव्हे. मास्तर आजारी पडला तर त्याच्या बाजूने ठराव करणं हेही त्यातच येतं. पाड्याच्या सभेने तसा ठराव केलाय. ग्रामपंचायत तो घेत नाही, म्हणते की पाड्याची सभा म्हणजे ग्रामसभा नव्हे. कायदा तर वस्ती किंवा पाडा धरूनच गाव म्हणतो. हे भांडण आपलं जुनंच आहे, आता त्यात शाळाही आली.

काही साथी म्हणतात की जमिनीच्या लढ्यात हे कशाला घुसवता, एका घाटावरच्या मास्तरसाठी ताकद का घालवायची. मला ते पटत नाही. तो कुठला आहे ते पोरांनी कधी विचारलं नाही. आणि उद्या प्लॉटाचा निकाल आपल्या बाजूने लागला तरी तो कागदावरच येणार आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचं ठरलंय. प्रत्येक पाड्यातून दोन माणसं पाहिजेत, एक बाई एक बाप्या. सकाळच्या गाडीने निघून एसटी स्टँडवर जमायचं. अर्जाच्या तीन प्रती असतील, एकीवर पोच घ्यायची, पोच दिल्याशिवाय उठायचं नाही. पोरांच्या वहीची नक्कल आम्ही हाताने उतरवून घेतली आहे, मूळ वही देणार नाही. भाकरी बांधून आणा, संध्याकाळ होईल. पोरांना आणू नका, त्या दिवशी शाळा आहे.